अर्धी पिन

माझ्या भाऊजींना आयुष्यात एकच गोष्ट येते. वायरची पिन सॉकेटमध्ये बसवता येते. माझ्या भाचीला हे वयाच्या चौथ्या वर्षी येत होतं, पण तिने त्याचं कार्ड छापून घेतलं नाही. भाऊजींनी घेतलं. जाड, चकचकीत, कडेला सोनेरी रेघ. नावाखाली 'ध्वनितज्ज्ञ' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'सर्व प्रकारची जोडणी करून मिळेल'. पहिलं कार्ड त्यांनी मला दिलं. मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या पर्सचा बंद तुटलाय. तोही जोडून मिळेल का?"

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "कलेची चेष्टा करू नये."

मला हा माणूस आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवायला नको.

भाऊजी एका सभागृहात साउंड सांभाळतात. पाचशे खुर्च्यांचं सभागृह, त्यातल्या साठेक मोडक्या. स्टेजच्या उजव्या अंगाला, तीन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं टेबल. टेबलावर मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, एक जुना कॉम्प्युटर आणि पाण्याची बाटली. बाटलीला हात लावायची परवानगी आहे, बाकी कशाला नाही. माइक तपासताना जगातली सगळी माणसं एक, दोन, तीन म्हणतात. भाऊजी नुसतं 'एक' म्हणतात. डोळे मिटून, मान वाकडी करून, 'एक… एक… एक…'. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून दोनवर आलेले नाहीत. तिथल्या वॉचमनने त्यांना चेष्टेने 'साउंडसाहेब' म्हणायला सुरुवात केली. भाऊजींना त्यातली चेष्टा कळलीच नाही. ते वॉचमनला दरवर्षी कॅलेंडर आणून देतात.

घरी तर विचारूच नका. ताईच्या कपाटाचे खालचे दोन्ही कप्पे वायरींनी भरलेले आहेत. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांचे गुंतेच्या गुंते, त्यांत मेलेल्या रेडिओंच्या वायरी, कुणाकुणाच्या टेपरेकॉर्डरच्या वायरी, दोन्ही टोकं तुटलेल्या वायरी. आणि चादरी? चादरी पलंगाखाली, पत्र्याच्या ट्रंकेत. चादर बदलायची झाली की माझी बहीण गुडघ्यांवर बसून ट्रंक ओढते, आणि हे गृहस्थ खुर्चीत बसून वायरीचं वेटोळं घालत असतात. एकदा मी म्हटलं, निदान तुटक्या तरी टाका. तर म्हणाले, "तुटकी वायर म्हणजे काय, दोन छोट्या वायरी."

घरात पाहुणा आला आणि त्याच्या फोनमध्ये एखादं गाणं असलं, तर त्या पाहुण्याची खैर नाही. तो बिचारा म्हणतो, ब्लूटूथने लावू की. भाऊजी असं तोंड करतात, की जणू कुणी शिळं वाढलंय. "ब्लूटूथ? अहो, तो हवेतून येणारा आवाज. वाटेत काय काय सांडतं तुम्हाला माहीत नाही." मग कपाट उघडतं. वायर निवडली जाते. तिच्या पिनेवर हाऽऽ करून वाफ सोडली जाते, रुमालाने पुसली जाते, दिव्यासमोर धरून पाहिली जाते. पाहुणा चहा संपवतो. भाऊजी पिन फोनमध्ये घालतात, दुसरं टोक स्पीकरमध्ये, आणि डोळे मिटून, बोट वर करून सगळ्यांना गप्प करतात. तोवर पाहुण्याला कुठलं गाणं ऐकवायचं होतं तेच आठवत नसतं.

घरात गप्प करायचं काम त्यांना चांगलं जमतं. ताई बोलायला लागली की यांचं बोट वर. "थांब गं जरा, ह्यात खरखर येतेय."

आता त्यांच्या कीर्तीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

भाऊजींची एक करामत आहे. कुठलंही गाणं लावा, ते त्यातल्या गाणाऱ्याचा आवाज नाहीसा करून दाखवतात. वाद्यं तशीच राहतात, गळा गायब. मग निवृत्तीच्या समारंभात एखादे साहेब, वाढदिवसाला एखादी आत्या, माइक हातात घेऊन त्या वाद्यांवर आपलं गाणं म्हणून घेतात. लोक विचारतात, हे कसं हो करता? भाऊजी नुसते हसतात. "माझं एक सर्किट आहे," म्हणतात. सभागृहाचे सचिव तर पाहुण्यांना सांगतात, की असा माणूस तुम्हाला दहा गावांत मिळायचा नाही.

सर्किट कसलं डोंबलाचं. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते ना, तिचा एक तुकडा. तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची कडी कापायची आणि पिनेच्या मुळाशी चढवायची. मग पिन सॉकेटमध्ये पूर्ण जात नाही, जराशी बाहेर राहते. भाचीने मला एकदा समजावून सांगितलं होतं. गाणाऱ्याचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा भरलेला असतो, वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे. पिन अर्धीच बसली की दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतं ते उरलंसुरलं. बस्स. एवढीच ती विद्या. तीही भाऊजींनी शोधली नव्हती. एकदा ढिल्या सॉकेटमुळे आपोआप झालं, आणि यांनी ते ढिलेपण रबर लावून कायमचं करून घेतलं.

पण ती नळी आणली कुठून? माझ्या बहिणीच्या सायकलची.

ताई तेव्हा पुलापलीकडच्या मुलांच्या वाचनालयात जायची. दर बुधवारी आणि शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. पगार नावालाच होता, पण मुलं दारात उभी राहून तिच्या सायकलची वाट बघायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ताईचा आवाज कसा आहे ते लिहून सांगता येणार नाही. उंच नाही, गोड नाही. ती वाचायला लागली की आपण हातातलं काम खाली ठेवतो, एवढंच. तर एका बुधवारी ती सायकल काढायला गेली आणि मागचं चाक जमिनीला टेकलेलं. व्हॉल्व्हमधलं रबर साहेबांनी कापून नेलेलं. "अगं, संध्याकाळी नवीन आणतो," म्हणाले. संध्याकाळी विसरले. मग उद्या, मग परवा. ताई चालत जायला लागली, जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस. वर्षभराने गुडघा धरला, आणि तिने जाणं सोडलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सायकल जिन्याखाली उभी राहिली आणि तिच्या हँडलवर भाऊजी वायरींची वेटोळी अडकवायला लागले.

तू स्वतः का नाही आणलीस नळी, असं मी ताईला तेव्हा विचारलं होतं. ती म्हणाली, "ते आणतो म्हणाले होते ना." मी कपाळाला हात लावला.

गेल्या वर्षी एका संस्थेची जाहिरात आली. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात भरून ठेवणारी संस्था. त्यांना कायमची वाचक हवी होती. रोज चार तास, बंद खोलीत, माइकसमोर पुस्तकं वाचायची. वयाची अट पन्नासच्या आत. ताईला एकोणपन्नास पूर्ण होऊन सात महिने झाले होते. म्हणजे ह्या वेळी नाही तर कधीच नाही.

निवड करायची रीत मोठी कडक होती. प्रत्येकाने चार मिनिटांचं रेकॉर्डिंग द्यायचं, वाटल्यास मागे संगीत ठेवायचं. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. समिती सभागृहात बसून नंबराने ऐकणार. उमेदवारांनी, नातेवाइकांनी हवं तर मागे येऊन बसावं, पण कोण कुठला नंबर हे समितीला कळता कामा नये. कळलं, की बाद. आवाज सोडून दुसऱ्या कशावरही निवड व्हायला नको, असा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो पटला. ताईला अकरा नंबर मिळाला. आणि सभागृह कुठलं? भाऊजींचंच.

ताईने दोन आठवडे तयारी केली. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून, आत मान घालून, कपड्यांच्या मध्ये वाचायची, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही. भाचीने ते भरून घेतलं आणि मागे पियानोचे चार हलके सूर टाकले. मी ऐकलं. दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही.

भाऊजी म्हणाले, "ठीक आहे. घरगुती आहे, पण ठीक आहे."

शुक्रवारी दुपारी मी ताईकडे राहायला आले. शनिवारी सकाळी दहाला ऐकण्याचा कार्यक्रम होता. त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी त्याच सभागृहात कुठल्याशा अधिकाऱ्याचा निरोप समारंभ होता आणि अधिकाऱ्याला सहा गाणी म्हणायची होती. भाऊजींची नेहमीची, लाल पट्टी लावलेली वायर नेमकी आतून तुटली होती. ते माझ्यासमोर स्टुलावर बसून तिच्यावरची रबरी कडी नखाने सोडवत होते. ती त्यांनी दुसऱ्या वायरीवर चढवली. ही दुसरी म्हणजे त्यांची सगळ्यांत लाडकी वायर, सोनेरी पिनांची, जाड विणीची, एरवी मऊ कापडात गुंडाळून ठेवतात ती.

"सोन्याला रबर लावलंत?" मी म्हटलं.

"एका संध्याकाळचा प्रश्न आहे. उद्या काढून ठेवीन."

"सायकलसारखं?"

त्यांनी वायर मऊ कापडात गुंडाळली. ताई आत स्वयंपाकघरात होती. मी चहा घ्यायला उठले.

शनिवारी सभागृहात शंभरेक माणसं असतील. पुढच्या रांगेत समितीचे तिघं आणि कडेला सभागृहाचे सचिव. समितीच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. दोन्ही हात काठीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला दोन गृहस्थ, एक जण लिहून घेणारा, दुसरा घड्याळ बघणारा. ताई, भाची आणि मी तिसऱ्या रांगेत. मी कडेची खुर्ची घेतली, पाय पसरता येतात म्हणून. तिथून भाऊजींच्या टेबलापर्यंत दहा-बारा पावलं.

एक ते दहा नंबर कॉम्प्युटरमधून वाजले. कॉम्प्युटरला सभागृहाची साधी काळी वायर होती, सगळं सुरळीत चाललं होतं. चार नंबरचा आवाज चांगला होता. सात नंबरने इतकं नाटकी वाचलं, की मागे कुणीतरी खोकलं. मग लिहिणारे गृहस्थ म्हणाले, "नंबर अकरा."

भाऊजी उभे राहिले. मला वाटलं, दाबतील बटण. पण नाही. घरचं माणूस होतं ना, आता साहेबांना कला दाखवायची होती. त्यांनी खिशातून स्वतःचा छोटा प्लेअर काढला. रेकॉर्डिंग त्यांनी आदल्या दिवशीच त्यात उतरवून घेतलं होतं, आम्हाला कुणालाही न विचारता. कॉम्प्युटरच्या पोर्टमधून आवाज चपटा येतो, असं त्यांचं जुनं मत आहे. मग त्यांनी ते मऊ कापड उलगडलं. सोनेरी वायर बाहेर आली. एका पिनेवर वाफ, रुमाल, सगळं यथासांग झालं. ते टोक मिक्सरला, दुसरं न बघताच प्लेअरला. डोळे मिटले, बोट वर केलं.

पियानो वाजायला लागला. सुंदर वाजला. आणि नुसताच वाजत राहिला.

दहा सेकंद गेली, वीस गेली. वाचणारी बाई कुठेच नव्हती. ताईने माझं मनगट धरलं. भाची कुजबुजली, "मावशी, मी नीट भरलं होतं गं, देवाशपथ."

मला त्याच क्षणी कळलं. कडी. काल माझ्या डोळ्यांदेखत चढवलेली कडी. उद्या काढून ठेवीन म्हणाले, आणि काढली नव्हती.

भाऊजींनी बटणं फिरवली, आवाज वाढवला. पियानो मोठा झाला. त्यांनी वाकून वायरीकडे पाहिलं, आणि मग त्यांची मान एकदम ताठ झाली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनाही कळलं होतं. आता करायचं एवढंच होतं, की पिन काढायची, कडी उतरवायची, पिन परत बसवायची. दहा सेकंदांचं काम. पण समोर सचिव बसले होते, तेच, ज्यांना दहा गावांत असा माणूस दिसला नव्हता. त्यांच्यादेखत पिनेवरून रबराचा तुकडा सोलायचा, म्हणजे इतक्या वर्षांचं सर्किट सोलून टेबलावर ठेवायचं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाचन कुठे आहे?"

आणि माझे भाऊजी, माझ्या बहिणीचे पती, माइक हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डिंगच सदोष आहे. बाईंनी घरच्या घरी केलेलं दिसतंय."

बाईंनी! घरच्या घरी!

मी उठले नाही. हे मला नीट सांगायचंय, कारण इतके दिवस मी ते सोडून बाकीचंच सगळ्यांना सांगत आलेय. दहा-बारा पावलं होती. मला माहीत होतं काय झालंय आणि कसं दुरुस्त करायचं. पण मी खुर्चीत पाठ टेकून बसले होते आणि मनात म्हणत होते, बोला आता, साहेब. सांगा तुमची कला. अठ्ठावीस वर्षं मी ह्या माणसाचं बोट वर झालेलं बघत होते. आज सगळ्यांसमोर त्याचं पितळ उघडं पडणार होतं, त्याच्याच तोंडून, आणि मला ते शेवटपर्यंत बघायचं होतं. अजून एक मिनिट, मी म्हणत होते. अजून एकच मिनिट.

"मग अकरा बाद धरावं लागेल," घड्याळवाले गृहस्थ म्हणाले. "पुढचा नंबर."

ताईने माझं मनगट सोडलं. ती उठली. मला ओलांडून, माझ्या पसरलेल्या पायांवरून, बाहेर गेली. तीन पायऱ्या चढली. एक पायरी चढताना तिने गुडघ्यावर हात ठेवला. भाऊजी पुटपुटले, "अगं, तू कशाला…" तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्लेअरमधली पिन उपटली, अंगठ्याच्या नखाने कडी गोल गोल गुंडाळत खाली आणली, काढली, आणि पिन परत आत ढकलली. टक् झालेलं माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

"पहिल्यापासून लावा," ती म्हणाली.

लिहिणारे गृहस्थ अर्धे उठले. "बाई, तुम्ही कोण?"

ती खोटं बोलू शकली असती. कुणाची तरी बहीण, मैत्रीण, सभागृहातली कर्मचारी, काहीही. पण माझ्या बहिणीला खोटं बोलायचं सुचतच नाही, हा तिचा जुना दोष आहे.

"अकरा नंबर," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. दोघं गृहस्थ एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "आधी ऐकू द्या. मग काय ते बघू."

मग पियानो आला आणि त्याच्या मागोमाग ताई आली. 'त्या घराला सात खिडक्या होत्या, आणि आठवी कुणी मोजत नसे.' शंभर माणसं हलली नाहीत. मोबाइल चाळणारा एक मुलगा होता, त्याने मोबाइल उलटा ठेवला. चार मिनिटं ताई टेबलापाशी उभी होती, मुठीत ती रबराची कडी धरून, स्वतःचा आवाज ऐकत. भाऊजी तिच्याकडे पाठ करून एका वायरीचं वेटोळं घालत होते. ती वायर आधीच वेटोळं घातलेली होती.

सचिवांनी मान पुढे काढून विचारलं, "साउंडसाहेब, ते रबर कसलं हो?" भाऊजींनी ऐकू आलं नाही असं केलं. ज्या क्षणासाठी मी बसून राहिले होते तो हाच. मला काही म्हणजे काही मजा आली नाही.

घरी जाताना चौघं एकाच बसमध्ये होतो. आमच्या थांब्याच्या अलीकडे भाऊजी म्हणाले, "हॉलची सॉकेट्स जुनी झालीत." भाचीने त्यांच्याकडे असं बघितलं, की मला त्यांची दया यावी. आली नाही.

दोन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. अकरा क्रमांकाचं वाचन समितीला सर्वांत आवडलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परंतु उमेदवाराची ओळख समितीपुढे उघड झाल्याने नियमानुसार विचार करता येत नाही. चार नंबरला घेतलं. खाली अध्यक्षबाईंनी कुणाकडून तरी हाताने दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या, की मला स्वतःला तर कुणीच दिसलं नव्हतं, पण माझ्यासोबतच्या दोघांना दिसलं, माझा नाइलाज आहे.

मी तडक ताईकडे गेले. सगळा राग सोबत घेऊन गेले होते. बुधवार होता. जिन्याखाली सायकल नव्हती, म्हणजे होती, पण अंगणात उभी होती, पुसलेली, दोन्ही चाकांत हवा भरलेली. हँडल मोकळं होतं. व्हॉल्व्हमध्ये नवं रबर घालून घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने पाच मिनिटांत घातलं म्हणे.

वर ताई तयार होऊन बसली होती, मांडीवर पिशवी. वाचनालयाने परत बोलावलं होतं, बुधवार-शनिवार, तेच नावापुरतं. मी आल्या आल्या तोंड सोडलं. भाऊजी आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात. "त्या माणसाने तुझं वाटोळं केलं, ताई. स्वतःच्या फुकटच्या मानासाठी. दहा सेकंदांचं काम होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही त्याच्या."

ताईने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "शुक्रवारी ते कडी चढवत होते, तेव्हा तू समोर होतीस ना?"

"मी?"

"सोन्याला रबर लावलंत, म्हणालीस. आत ऐकू येत होतं मला. कुठल्या वायरीबद्दल चाललंय ते तेव्हा कळलं नाही. हॉलमध्ये ते 'सदोष' म्हणाले, तेव्हा त्यांच्या आवाजावरून कळलं." ती पिशवीचा बंद नीट करत होती. "तुला आधीच कळलं होतं."

मी पर्स खाली ठेवली.

"तू गेली असतीस, तर कुणी विचारलंच नसतं गं. कुणीतरी बाई आली, पिन नीट बसवून गेली. अकरा नंबर अकरा नंबरच राहिला असता."

"मला वाटलं, ते स्वतःच कबूल…"

"नाही. तुला बघायचं होतं."

ताई रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पायांत चपला घातल्या.

"ते घाबरट आहेत, हे मला लग्नाच्या चौथ्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "त्यांच्याकडून मी काही धरलंच नव्हतं. तुझ्याकडून धरलं होतं."

ती जिना उतरली. सायकलची घंटी एकदा वाजली, बहुतेक वाजते का ते बघायला, आणि मग फाटकाचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिले.

थोड्या वेळाने भाऊजी बाहेर आले. दाढी वाढलेली, हातात ती सोनेरी वायर. सभागृहात आता वॉचमन त्यांना 'रबरसाहेब' म्हणतो, हे मला भाचीने सांगितलं होतं. ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. बराच वेळ पिन रुमालाने पुसत राहिले.

"मेहुणीबाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन आणा तुमचा. काहीतरी लावू."

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी ब्लूटूथचं नाव काढलं असतं. मी पर्समधून फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पिन घातली. ती पूर्ण आत गेली. गाणं लागलं, गाणाऱ्याच्या आवाजासकट, आणि आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, एकमेकांकडे न बघता.